सामना व्हायलाच पाहिजे

टीव्हीशी भांडून टीव्हीला माघार घ्यायला लावणारा माणूस या पृथ्वीवर एकच जन्माला आला, आणि ते माझे साडभाऊ आहेत. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. साकोलीत हमरस्त्याला लागून त्यांचं बिछायत केंद्र आहे. तालुक्यात लग्न असो, तेरवी असो की पुढाऱ्याची सभा असो, मंडप, खुर्च्या आणि भोंगे यांचेच. पण अनोळखी माणूस भेटला की ते ना नाव सांगतात ना धंदा. "मी चॅम्पियनचा नवरा," म्हणतात आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत थांबतात. नागपूरच्या एका डॉक्टरांनी पोटावर हात ठेवून काय होतं म्हणून विचारलं, तेव्हाही त्यांनी आधी हेच सांगितलं होतं. डॉक्टरांनी त्यावर कोणतं औषध दिलं ते मला ठाऊक नाही.

यात खोटं मात्र काहीच नाही. ताईंनी, म्हणजे माझ्या या थोरल्या मेहुणीनं, खूप वर्षांपूर्वी टीव्हीवरची एक प्रश्नमंजुषा जिंकली होती. त्या काळचा नियम असा, की सलग आठवडाभर जिंकणाऱ्याला हार घालून, अजिंक्य म्हणून घरी पाठवायचं. पुढे नियम बदलला. हरेपर्यंत खेळा म्हणाले. मग पुण्याचा एक चष्मेवाला पोरगा आला, तो दीड महिना त्या खुर्चीवरून हललाच नाही, आणि निवेदकानं एके दिवशी त्याला "आजवरचा सर्वश्रेष्ठ" म्हटलं. साडभाऊंनी हातातला घास ताटात ठेवला.

"कोनाले हरवून?" त्यांनी टीव्हीला विचारलं. "आमच्या घरची अजून हरली नाई. ती इथं भात वाढून राहिली."

त्या दिवसापासून साडभाऊंच्या आयुष्याला ध्येय मिळालं: आजवरच्या सगळ्या विजेत्यांचा एक सामना व्हायलाच पाहिजे. वाहिनीला फोन झाले. मंडपात भोंगा लावला की बाकीचे लोक "हॅलो, हॅलो" म्हणून बघतात. साडभाऊ "सगळ्या चॅम्पियन लोकांचा सामना झालाच पायजे" असं म्हणून आवाज बघत. सानगडीच्या एका तेरवीला भटजी नुकते बसले होते आणि ही मागणी चारी दिशांनी घुमली. घरात सराव वेगळाच. ताई विहिरीवर असतील तर अंगणातून, अंगणात असतील तर छपरीतून प्रश्न सुटायचा. जगातली सगळ्यात खोल सामुद्रधुनी, कुठल्याशा बेटाची राजधानी. ताई पदर खोचता खोचता उत्तर द्यायच्या आणि वर विचारायच्या, "दूध आनलं का? ह्याचं उत्तर तुमी द्या."

ताईंचा या सामन्याला सक्त विरोध होता. माझे सासरे सानगडीचे, शंकरपटाचे, म्हणजे बैलांच्या शर्यतीचे, भारी शौकीन. त्यांची एक बैलजोडी भरात असताना एकाही पटात मागे पडली नव्हती. सासऱ्यांनी एक दिवस तिच्या शिंगांना रंग लावला, गळ्यात घुंगरं बांधली आणि पट कायमचा बंद केला. ताई तोच दाखला द्यायच्या.

"जितून आलेल्याले परत कायले पळवता?" त्या म्हणायच्या. "बाबानं नाई पळवलं."

"म्हून त्या जोडीले लोक विसरले ना वं," साडभाऊ म्हणायचे. "तुले पन विसरून राहिले."

मी या वादात कधी कुणाचा घात केला नाही. ताईंनी गरम वडे वाढले की मी ताईंच्या बाजूचा, आणि साडभाऊ मला गाडीवर बसवून पानाच्या ठेल्यावर नेत तेव्हा त्यांच्या बाजूचा. दोघंही मला विचारी माणूस समजत.

आणि काय सांगू, वाहिनीला खरंच सुबुद्धी झाली. महाविजेत्यांचा सामना जाहीर झाला, ताईंना फोन आला. बातमी ऐकून मी धावतपळत पोचलो. साडभाऊ नाचत असतील म्हणून बघतो, तर ते गोदामात एका मोडक्या खुर्चीवर बसलेले. हरली तर? आजवर हा प्रश्न त्यांनी कुणालाच विचारला नव्हता. त्यांनी ताईंकडे जाऊन हळूच म्हटलं, "तब्येत बरी नाई म्हून सांगू का त्याईले?"

ताई बॅग भरत होत्या. "मी जाऊन राहिली," त्या म्हणाल्या. "बाबाच्या जोडीले कोनी इचारलं नव्हतं. मले इचारलं." इतक्या वर्षांचा वाद उलटा झाला होता, आणि नेमक्या त्या वेळी वडेही नव्हते.

ताईंबरोबर माझी बायको मुंबईला गेली. चित्रीकरण आधी आणि दाखवणार महिन्याभरानं. तोवर निकाल कुणाला सांगायचा नाही अशी अट. माझी बायको गुपित पाळू शकते हे मला लग्नानंतर प्रथमच कळलं. भंडारा रोड स्टेशनवर त्यांना उतरवून घ्यायला आम्ही दोघं गेलो होतो. साडभाऊंनी बॅगा उचलल्या, गाडीत जागा मिळाली का, जेवण झालं का, एवढं विचारलं. सामन्याबद्दल चकार शब्द नाही. अटीला मान देतात, मी मनात म्हटलं, सुधारले.

छे! प्रक्षेपणाच्या संध्याकाळी शाळेच्या मैदानावर त्यांनी जो मंडप घातला तसा तालुक्यानं मंत्र्यासाठीही पाहिला नव्हता. मोठा पडदा, झुंबरं, बुंदीच्या परातींची रांग, ढोलताशा, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे पटाची कॉमेंट्री करणारा माणूस भोंग्यावर बसवलेला. त्या बिचाऱ्याला एकच रीत ठाऊक. जोडी सुटली की आवाज चढवायचा आणि शेवटच्या खुणेपाशी गळा फुटेस्तोवर ओरडायचं, मग पुढे जोडी कुणाचीही असो. त्यानं पहिल्या प्रश्नालाच असा सूर धरला की निवेदक नुसता तोंड हलवताना दिसू लागला. कुणाला प्रश्न कळेना, कुणाला उत्तर. ताई पहिल्या रांगेत बसून हसून हसून डोळे पुसत होत्या. शेवटचा प्रश्न झाला, पडद्यावर दिव्यांचा लखलखाट झाला, कॉमेंट्रीवाल्यानं शेवटची आरोळी ठोकली आणि तीच खूण समजून ताशेवाल्यांनी ताशा सुरू केला. सगळं मैदान नाचायला लागलं. मुकुट पुण्याच्या पोराच्या डोक्यावर चढत होता, हे पुढच्या रांगेला दिसलंही. पण ताशा वाजत असताना कोण थांबतं? पुढची रांगही नाचली. मीही नाचलो. ताईंच्या गळ्यात इतके हार पडले की साडभाऊंना ते उतरवायला उभं राहावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मंडप उतरवताना मी त्यांना गाठलं. "तुम्हाला आधीच ठाऊक होतं."

"स्टेशनवरच समजलं," साडभाऊ म्हणाले. "मांगं जितून आली तवा रडत उतरली होती. एवढे लोक पायतीन म्हून भेली होती. आता हासत उतरली. खेळून आली ना."

"मग एवढा मंडप कशाला?"

ते सुतळीची गाठ सोडत होते. "जितली असती तं गावानं टाकला असता, भाऊ. हरली म्हून मले टाकावा लागला."

शाळेच्या पायरीवरून ताईंचा आवाज येत होता. फोनवर तो पुण्याचा पोरगा होता. मुंबईत त्याची आणि ताईंची गट्टी जमली, तेव्हापासून दोघं रोज एकमेकांना प्रश्न टाकतात. ताईंना एक उत्तर आलं नाही आणि त्या खळखळून हसल्या. साडभाऊ सुतळी हातात धरून ऐकत राहिले.

"आता माहे प्रश्न तिले सोपे पडून राहिले," ते म्हणाले, आणि सतरंजीचं दुसरं टोक त्यांनी माझ्या हातात दिलं.