अकरा दिवस तोच आकडा

ताईच्या साहेबाचं नाव काढलं तरी अजून माझं डोकं फिरतं.

माझी थोरली बहीण पुलांच्या देखभालीच्या ऑफिसात तंत्रज्ञ आहे. नदीवरच्या पादचारी पुलाच्या तारांवर किती ताण येतो, ते तिथलं एक अवजड गणिती सॉफ्टवेअर काढतं. पूर्वी त्याच्यापुढे बसून तासन्‌तास बटणं दाबावी लागत. ताईनं पायथन या संगणकाच्या भाषेत छोटी स्क्रिप्ट लिहिली. तीच सॉफ्टवेअरला मोजमापं देते, गणित करायला लावते, उत्तर मागून घेते आणि नऊच्या ठोक्याला अहवाल काढते. साहेब काय म्हणाले? "आता तुम्हाला रिकामा वेळ भरपूर!" मेल्याला लाज नाही.

सॉफ्टवेअर कायम चालूच असायचं, त्यामुळे कालचं उत्तर त्याच्या पोटात तसंच राहायचं. म्हणून ताईनं दोन ओळी घातल्या होत्या: आधी जुनं पुसायचं, आणि नवं उत्तर आलं नाही तर अहवाल थांबवायचा. अहवाल थांबला की साहेबांना वरून फोन यायचा. ताई रजेवर गेली तेव्हा त्यांनी त्या ओळी गुपचूप काढून टाकल्या.

पुढे, ताई कामावर परतल्यावर, मोजमापांच्या फाइलमधला एक रकाना बदलला. गणित अडकलं, आणि स्क्रिप्ट इमानेइतबारे जुनंच उत्तर आणत राहिली. अकरा दिवस! बाराव्या दिवशी ताईला दिसलं, दशांशानंतरचे सहाही अंक तेच. तिनं सगळं पुसून गणित पुन्हा चालवलं. ताण मर्यादेच्या वर गेला होता.

"साहेब, पूल आत्ताच्या आत्ता बंद करा."

"अहो बाई, उभा आहे ना तो? सोमवारी मीटिंगमध्ये बघू."

सोमवारी! रोज शेकडो माणसं जातात त्यावरून! ताई तडक पुलावर गेली, मला बोलावून घेतलं. दोन टोकांना दोर बांधून आम्ही दोघी उभ्या राहिलो. लोकांनी नाही नाही ते ऐकवलं. ताईनं फोन करून बोलावलेले तपासनीस दुपारी एकदाचे आले. मुख्य तारेचे चार पदर तुटलेले निघाले.

आठवड्यानं नोटीस आली, आणि तीही ताईला! विनापरवानगी पूल बंद केला म्हणून. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फेक त्यांच्या तोंडावर!" मी म्हटलं.

ती उत्तर लिहायला बसली. "पूल मी बंद केला, वेळ आली तर पुन्हा करीन. माझी चूक वेगळी आहे. अकरा दिवस आकडा न बघता मी अहवालावर सही केली. त्याची नोटीस द्या, मान खाली घालून घेईन."

ती नोटीस अजून आलेली नाही. त्या अकराही अहवालांवर ताईच्या सहीच्या वर साहेबांची सही आहे.