फ्लावियाबाईंची न शिजलेली डाळ

फ्लावियाबाई आमच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या आणि टायपिंग सोडून बाकी सगळ्यात नाक खुपसायच्या. आता हे मी कौतुकाने म्हणतो. १९९८ साली दातओठ खाऊन म्हणत असे.

आखातात, रुवी शहरातली आमची कंपनी पाण्याची कामं करायची. मी देवेश, मूळचा कुडाळचा, तिथे नकाशे काढायला होतो. उस्मानसाहेब हैदराबादचे, आमचे जलतज्ज्ञ. आणि बाई वसईच्या. शेजारच्या दार्सैतहून रोज चालत यायच्या, हातात तीन कप्प्यांचा डबा. त्यातला डाळीचा कप्पा उस्मानसाहेबांसाठी. साहेबांची बायको हैदराबादेत आणि जीव डाळीत, असं आम्ही म्हणायचो. मला त्या डाळीतला चमचाभरही कधी मिळाला नाही, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

त्या वर्षी आमच्याकडे एका धरणाचं काम आलं. धरण म्हटलं की आपल्याकडच्या माणसाला वीज आणि कालवे आठवतात. इथे तसलं काही नव्हतं. बातिना किनाऱ्याजवळची एक वादी, म्हणजे एरवी कोरडं ठणठणीत असलेलं नदीचं पात्र. वर्षातून एकदा-दोनदा डोंगरातून पूर यायचा. तो अडवायचा आणि पाणी सावकाश जमिनीत मुरवायचं, एवढंच त्या धरणाचं काम. पाणी मुरलं तर खालच्या गावांच्या विहिरी गोड राहतात. नाही मुरलं तर समुद्र काही लांब नाही, खारं पाणी आत शिरतं.

धरणाचा परवाना संपत आला होता. आणखी पाच वर्षं हवी असतील तर पर्यावरणाचा अहवाल द्या आणि त्यात गावकऱ्यांचं म्हणणं घाला, असं वरून आलं होतं. गावकऱ्यांसाठीचा फॉर्म मी बनवला. नाव, बाग किती, विहीर धरणापासून किती लांब, आणि शेवटी दोन चौकोन: आक्षेप आहे, आक्षेप नाही. माझ्या मते फॉर्म फक्कड झाला होता.

गावाच्या बैठकीच्या खोलीत एक्केचाळीस पुरुष जमले. खजूर झाले, हलवा झाला, कॉफीचे इवलेसे पेले फिरले. मग मी दुभाष्याला हाताशी धरून एकेकाला विचारत सुटलो. प्रत्येकाने छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, "अल्हम्दुलिल्लाह, सगळं ठीक." दुपारच्या नमाजाआधी माझे एक्केचाळीस चौकोन भरले. आक्षेप नाही, आक्षेप नाही, आक्षेप नाही. मी स्वतःवर भलताच खूश होतो.

बायकांचंही म्हणणं घ्यायचं होतं. ऑफिसात बाई एकच, म्हणून फ्लावियाबाईंना सोबत आणलं होतं. त्या जमिला नावाच्या बाईच्या घरात गेल्या त्या दोन तास बाहेरच येईनात. आम्ही गाडीत एसी लावून ताटकळलो. शेवटी आल्या, तर फॉर्म कोरा आणि हातात विमटो सरबताच्या बाटलीत पाणी.

"फॉर्म का नाही भरला?" मी विचारलं.

"फॉर्मचं राहू दे रे. हे पाणी चाखून बघ आधी."

"तुमचं आपलं भलतंच काहीतरी, बाई."

मी चाखलं नाही. परतीच्या वाटेवर त्याच सांगत होत्या. जमिला बलुची घरातली, हिंदी झकास बोलायची. तिने बाईंना विहिरीवर नेलं, लिंबाची झाडं दाखवली. शेंडे वाळत चालले होते. पाणी मचूळ झालेलं. पूर आला की धरणामागे तळं साचतं, महिनाभर उन्हात चमकत राहतं आणि मग नाहीसं होतं. विहिरीपर्यंत काही पोचत नाही.

"फिर मर्द क्यों नहीं बोले?" उस्मानसाहेबांनी विचारलं.

"मैंने भी वही पूछा, सर. जमिला बोली, मेहमान के सामने कौन रोता है?"

साहेबांनी बाटली उजेडात धरून पाहिली. मग म्हणाले, "फ्लाविया, एक बोतल पे रिपोर्ट नहीं बनती. इधर इकतालीस लोग हैं." साहेब वाईट नव्हते. त्यांना अहवाल आठवड्याभरात द्यायचा होता.

बाईंनी अहवाल टाइप केला. पहिलं पान ते साठावं पान, सगळं चोख. फक्त चौतिसावं पान कोरं. त्यावर एकच वाक्य यायचं होतं: गावकऱ्यांचा आक्षेप नाही.

माझं डोकं फिरलं. एक्केचाळीस चौकोन मी भरले होते आणि ही बाई मला खोटं पाडत होती. "बाई, व्हिसा कंपनीचा आहे," मी म्हटलं. "उद्या तिकीट हातात देतील. ती जमिला काय तुमची मावशी लागते?"

त्या चिडल्या नाहीत. पँट्रीत चहा करत होत्या, तो तसाच ठेवून म्हणाल्या, "आमच्या घरामागे बावखल होतं. माहितीय तुला बावखल?"

मला माहीत नव्हतं. वाडीतला खोल खड्डा, तळ्यासारखा, त्यांनी सांगितलं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं, म्हणून समुद्र जवळ असून वसईच्या विहिरी गोड. उन्हाळ्यात गाळ काढायचा आणि केळीला, फुलझाडांना घालायचा. १९९३ साली त्यांच्या भावाने कळवलं की बावखल बुजवून जागा बिल्डरला द्यायची आहे. सोबत कागद होता, बहिणीची ना हरकत.

"दोन पत्रं टाइप करायची होती, त्यांच्या मधल्या वेळात सही केली मी. वाचलंसुद्धा नाही नीट. दोन वर्षांत विहीर मचूळ झाली. आई पत्रात लिहायची, डाळ शिजत नाही. मला वाटायचं, म्हातारीला कुरकुर करायची सवयच आहे." त्यांनी नाक पुसलं. "मला कुणी विचारलं नव्हतं असं नाही, देवेश. विचारलं होतं. हरकत नाही, हे मीच म्हटलं."

त्यांची आई आदल्याच वर्षी गेली होती. चहा उतू गेला, तो पुसण्याच्या निमित्ताने मी तिथेच रेंगाळलो. माझ्या फॉर्मची मला पहिल्यांदा लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत उस्मानसाहेबांनी नेहमीप्रमाणे आपला कप्पा उघडला. पहिला घास घेतला आणि दाढ धरली.

"फ्लाविया, ये दाल है कि बजरी?"

"कुकर की चौदह सीटी हुई, सर. जमिला के कुएं का पानी है."

साहेबांनी आणखी एक घास चाखला, अगदी थोडा. "और नमक इतना?"

"नमक? एक चिमटी भी नहीं डाला, सर."

साहेबांनी डबा बंद केला नाही. चमच्याने डाळ ढवळत राहिले, दाणे कप्प्याच्या कडेला खडखडत होते. एक्केचाळीस कागदांनी जे सांगितलं नव्हतं ते त्या कप्प्यात होतं, आणि साहेब मुळात पाण्याचाच माणूस. "देवेश," ते म्हणाले, "सनीचर को गाड़ी निकालो. वापस जाते हैं."

आम्ही गेलो. साहेबांनी एकोणीस विहिरींचं पाणी तपासलं, त्यातल्या तेरा बिघडत चालल्या होत्या. मग धरणामागे खणून पाहिलं. ढोपरभर गाळ बसलेला, गच्च, सिमेंट ओतावं तसा. पाणी मुरणार कुठून? ते नुसतं साचायचं आणि ऊन त्याचा फडशा पाडायचं. या खेपेला बैठकीच्या खोलीत आम्ही कुणाला गोळा केलं नाही. एकेकाच्या बागेत गेलो, झाडाखाली बसलो, त्याची विहीर पाहिली. मग माणसं बोलायला लागली, आणि एकदा लागली म्हटल्यावर थांबेनात. आपल्या विहिरीपाशी माणूस यजमान कमी आणि मालक जास्त असतो, हे मला तिथे कळलं.

अहवालाला दीड महिना उशीर झाला. कंपनीच्या मोठ्या साहेबांनी आम्हा तिघांना एका रांगेत उभं करून झाडलं. बाईंची नोकरी मात्र राहिली, कारण उस्मानसाहेबांनी सगळा दोष आपल्या अंगावर घेतला. परवाना मिळाला तो अटीवर. दर वर्षी पुराच्या आधी गाळ काढायचा. काढलेला गाळ हवा त्या बागवाल्याला द्यायचा, हे बाईंनी सुचवलेलं, वसईच्या पद्धतीने.

२००३ साली परवान्याची मुदत पुन्हा भरली आणि काम पुन्हा आमच्याकडे आलं. या खेपेचा फॉर्मही मीच केला. त्यात चौकोन नव्हते, नुसत्या मोकळ्या ओळी होत्या. बाई त्या उन्हाळ्यात कायमच्या वसईला परतणार होत्या, हे त्यांचं शेवटचं काम. बायकांची बैठक जमिलाच्या अंगणात भरली. मी आणि उस्मानसाहेब कुंपणाबाहेर लिंबाच्या सावलीत बसलो. लिंबाला फळं धरली होती.

आतून आमच्यासाठी दोन वाट्या आल्या. डाळ. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दाढ सांभाळत त्यांनी घास घेतला. डाळ मऊसूत, लोण्यासारखी, एक दाणा अख्खा नाही. पाच वर्षांनी का होईना, माझ्याही वाटणीला डाळ आली होती. पण अळणी. जमिला घाईत मीठ विसरली असणार, असं मी मनाशी म्हटलं.

आत फ्लावियाबाई विचारत होत्या, "जमिला, कोई शिकायत? साफ बोलना, इधर कोई मेहमान नहीं है."

"है ना," जमिलाचा आवाज आला. "लिखो. अब दाल में नमक ऊपर से डालना पड़ता है."

अंगणात बायकांचा हशा उसळला. त्यात बाईंचं हसू मला ओळखू आलं आणि मध्येच ते थांबलेलंही कळलं. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या, डोळे लाल, हातात फॉर्म. त्यांच्या गोलसर अक्षरात जमिलाचा आक्षेप लिहिला होता, एक शब्द न बदलता.

"आईला सांगायला हवं होतं रे हे," त्या म्हणाल्या, आणि माझ्या वाटीतली डाळ त्यांनी माझ्याच चमच्याने संपवली.

ऑफिसात पोचल्यावर त्यांनी चपलाही सरळ ठेवल्या नाहीत, मशीनपुढे बसल्या. अहवालातलं चौतिसावं पान त्यांनी सगळ्यांत आधी टाइप केलं.