जनरेटरचं तोंड बंद करताना

छापलेल्या बातमीत दुसऱ्या दिवशी भजी बांधली जातात. न छापलेले किस्से मात्र डोक्यात साचत राहतात. माझ्यासारख्या बातमीदाराकडचे निम्मे तर पिंप्राळ्यातल्या एकाच गॅरेजचे आहेत, आणि ते माझ्या घरासमोरच आहे.

मालक सुपडूभाऊ, मूळचे शिरपूरकडचे. पाण्याच्या मोटारी आणि इंजिनं दुरुस्त करतात. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला, नुसत्या आवाजावरून बिघाड सांगतात. वीज गेली की त्यांचा पेट्रोलवरचा छोटा जनरेटर सुरू होतो आणि गल्ली थरथरते. एके दिवशी त्यांनी स्क्रूड्रायव्हर उजव्या कानावरून डाव्यावर घेतला. विचारलं तर म्हणाले, "उजवा कान बंद पडना." डॉक्टरांनी बजावलं होतं : गेलेलं परत येणार नाही, उरलेलं आवाजापासून सांभाळा. कान गेले तर धंदा गेला. मी ठरवलं, या जनरेटरचं तोंड बंद करायचंच.

*

आधी सायलेन्सर पाहिला. आतून पोकळ, आवाज अडवणारी जाळीच गायब.

"जाळी कोणी काढली?"

"मीच. पिकअप वाढस."

"भाऊ, जनरेटर जागचा हलत नाही. त्याला पिकअप कशाला?"

"चहा घ्या," भाऊ म्हणाले. उत्तर नसलं किंवा प्रश्नच ऐकू आला नाही, की भाऊ चहा मागवतात. कोणत्या वेळी काय, ते आपण ओळखायचं.

*

मी आवाजाची तक्रार केली, पुन्हा केली, प्रदूषण नियंत्रणाच्या कार्यालयात जाऊन भांडलो. अखेर एक साहेब आवाज मोजायचं यंत्र घेऊन आले. भाऊंनी अदबीने जनरेटर बंद केला, खुर्ची पुसून दिली. साहेबांनी त्या शांततेत यंत्र धरलं, चहा घेतला, "आवाज मर्यादेत आहे" म्हणाले आणि गेले.

मी भाऊंवर उखडलो. त्यांचं उत्तर तयार होतं : "पाव्हनासमोर इंजिन चालू ठेवस का कोनी?"

*

मग भाऊंनी स्वतःच उपाय केला. जनरेटरवर लोखंडी पिंप पालथं घातलं. आवाज घंटेसारखा घुमला आणि थोड्याच वेळात जनरेटर तापून बंद पडला.

"पहा, आवाज गया."

"भाऊ, जीव गेला त्याचा."

*

पुढचा उपाय : धुराची नळी मागच्या भिंतीकडे वळवली. मागे कापडाचे व्यापारी शांतिलालजी राहतात. दुपारच्या झोपेतून उठून ते हात जोडत आले. "भाऊ, दिवाळीला फराळ पाठवता, ते ठीक. आवाज नका पाठवू."

*

शेवटी मीच भाऊंना ओढत धुळ्याला नेलं. तिथल्या कारागिराने जाळ्यांचा मोठा सायलेन्सर करून दिला. जनरेटरखाली जुन्या टायरचे तुकडे, सभोवती आतून आवाज शोषणारं ग्लासवूल लावलेली पेटी, हवेला दोन्ही बाजूंनी वाट, धुराला बाहेर नळी. जनरेटर पुटपुटायला लागला.

दुसऱ्याच दिवशी जामनेरचं गिऱ्हाईक गल्लीच्या तोंडावरून परत गेलं. नंतर फोनवर म्हणालं, "आवाज नव्हता, म्हटलं गॅरेज बंद असेल."

भाऊ माझ्यावर भडकले. "जाळी काढी टाकस मी!"

मी जनरेटरच्या पेटीवरच बसलो. "काढून दाखवा."

अखेर दारावर पाटी लागली : गॅरेज चालू आहे.

*

परवा वीज गेली. जनरेटर सुरू होता. पेटीलगत, हवेची वाट अडवून चहाचे ग्लास मांडलेले. भाऊ माझ्याकडे पाठ करून कामात, डाव्या कानाला स्क्रूड्रायव्हर. मी ग्लास उचलत स्वतःशीच पुटपुटलो, "हा म्हातारा काही सुधारायचा नाही."

भाऊंनी मान न वळवता विचारलं, "म्हतारा कोनले म्हनस रे?"