कागदावरचा मॅनेजर

"मॅनेजर कोण आहे इथला?" चंद्रपूरहून तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं.

मी राईस मिलच्या केबिनच्या दारात उभा होतो. हातात चहाचा ट्रे.

शेठनी माझ्याकडे बोट केलं. "हा काय. जंगलातून आणून मॅनेजर केला आम्ही याले. साहेबाले पहिले चहा दे रे, मॅनेजर."

शेठ हसले. शेजारच्या खुर्चीतला त्यांचा पुतण्या हसला. साहेब हसले नाहीत, त्यांनी फक्त माझं नाव लिहून घेतलं. आणि मी? मीही हसलो. दात दाखवून हसलो. ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

मी पोंभुर्ण्याकडच्या एका गोंड गावातला. गावाला तीन बाजूंनी जंगल. घरात बी.ए. झालेला पहिला मीच. राईस मिलमध्ये लागलो तो धानाची पोती उतरवून घ्यायला. चार वर्षांनी एका सकाळी पुतण्यानं एक फॉर्म पुढे केला. सरकारला मॅनेजरचं नाव कळवावं लागतं, तुझं टाकलं आहे, सही कर, म्हणाला. मी केली. वाचलं नाही. बी.ए. झालेल्या माणसानं चार ओळी वाचल्या नाहीत. आपलं नाव टाकलं, एवढंच कानात घुमत राहिलं.

बाबानं गावात भेटेल त्याला सांगितलं, माहा पोरगा मॅनेजर झाला. लोक घरी येऊन मला पाहून गेले. मीही दोन दिवस इस्त्रीचा शर्ट घालून कामावर गेलो.

मिलमध्ये काहीच बदललं नाही. केबिन पुतण्याची. कोणाला कामावर घ्यायचं, कोणती मशीन कधी थांबवायची, सगळं तोच ठरवायचा. पण त्याचं नाव एकाही सरकारी कागदावर नव्हतं. माझं होतं. आणि मी गाड्या लावायचो, बायांना कामं वाटून द्यायचो, पाहुणे आले की चहा न्यायचो.

पॉलिशच्या मशीनला एक मोठा पट्टा होता. त्यावरची लोखंडी जाळी दुरुस्तीसाठी काढली, ती पुन्हा बसलीच नाही. साहेब आले त्या दिवशी मशीन बंद ठेवून पुढे पोत्यांची थप्पी लावली होती. थप्पी मीच लावून घेतली होती. हेही सांगायला पाहिजे.

जाळीचं मी पुतण्याला तीनदा बोललो. तोंडी. लेखी एकदाही नाही. तिसऱ्यांदा तो चिडला.

"भर सीझनमध्ये मशीन बंद ठेवू का? नावाचा मॅनेजर आहे तू. नावापुरताच राह्य."

मी नावापुरताच राहिलो.

साहेब येऊन गेल्यानंतरची एक दुपार. निर्मलाबाई मशीनखालचा कोंडा झाडत होती. शेजारच्या गावची, चाळिशीची बाई, नवरा नाही, दोन मुली. तिचा पदर पट्ट्यात गेला. पदरामागून हात. मी धावत जाऊन बटण दाबलं. पण पट्टा लगेच थांबत नाही. थांबेपर्यंत फिरतो. तेवढ्यात उजवा हात गेला, कोपराच्या वरपर्यंत. पिकअपमध्ये घालून चंद्रपूरला नेलं. रस्ताभर तिचं डोकं माझ्या मांडीवर. ती ओरडत नव्हती. त्याचीच जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी शेठनी केबिनमध्ये बोलावलं. आत पुतण्या होता, एक वकील होते. शेठ म्हणाले, बस. पाच वर्षांत पहिल्यांदा मला त्या केबिनमध्ये खुर्ची मिळाली.

वकील शेठशी बोलत होते. मी तिथे नाहीच असं. कायद्यानं दोघं अडकतात, ते सांगत होते. एक भोगवटादार, म्हणजे कारखाना ज्याच्या ताब्यात आहे तो, आणि दुसरा मॅनेजर. पण आपण सगळी काळजी घेतली होती, चूक मॅनेजरची होती, असं भोगवटादारानं दाखवून दिलं तर तो सुटू शकतो.

मग त्यांनी एक पत्र माझ्यापुढे सरकवलं. सहा महिने मागची तारीख टाकलेलं. सही करायचं पेनही पत्रावरच ठेवलं होतं.

या वेळी मी वाचलं. ओळ न् ओळ वाचली. मशीनच्या सुरक्षिततेचे सगळे अधिकार मला दिले आहेत आणि ते मला मान्य आहेत, असं पत्रात होतं. जाळी परवानगीशिवाय काढू नये अशी शेठनी मला ताकीद दिली आहे, असंही होतं. तो पहिला फॉर्म माझ्यापुढे का आला होता, ते मला तेव्हा कळलं. हुशार आहे म्हणून नाही. मेहनती आहे म्हणून नाही. तुरुंगात जायला कोणीतरी लागेल, आणि गेला तर त्याच्यासाठी कोणी विचारायला येणार नाही, म्हणून.

"घाबरू नको," शेठ म्हणाले. "जामीन आम्ही करू. तुमच्या लोकायले कोर्टात दया मिळते."

तुमच्या लोकायले. मी पेन बाजूला ठेवलं.

"सही नाई करत," मी म्हणालो. "या तारखेले मी काई खरा मॅनेजर नव्हतो. चहा नेत होतो."

पुतण्या उठून अंगावर आला. सरकारदरबारी नाव तुझंच आहे, सुटशील कसा, म्हणाला. मी म्हणालो, सुटतो कोण म्हणलं? आणि बाहेर पडलो. छाती काढून वगैरे काही चाललो नाही.

तिथून थेट दवाखान्यात गेलो. वाटलं, निर्मलाबाईला सगळं सांगू, सही केली नाही हे सांगू. कुठेतरी वाटत होतं, ती बरं केलं म्हणेल. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "जाळी नाई, हे तुले मालूम होतं ना?"

"होतं, बाई."

"मंग मले तिथी झाडाले काऊन पाठोलं?"

शेठनी माझी इज्जत घेतली होती. पण तिचा हात जाताना कामाची वाटणी माझी होती. माझा अपमान झाला म्हणून मी निर्दोष ठरत नाही. हे त्या खाटेजवळ उभं राहून समजलं, आणि केबिनमधल्या खुर्चीपेक्षा ते जास्त लागलं.

दोन दिवसांनी चंद्रपूरच्या तपासणी ऑफिसात जाऊन मी जबाब दिला. जाळी कधी काढली, मी कोणाला किती वेळा बोललो, मला काय उत्तर मिळालं, थप्पी कोणी लावली, निर्मलाबाईला तिथे कोणी पाठवलं, मागच्या तारखेचं पत्र कोणी पुढे केलं. जबाब घेणाऱ्या बाबूनं वाचून वर पाहिलं.

"भाऊ, तू तं आपल्याच विरोधात लिहून राह्यला."

"हो," मी म्हणालो. "पण एकट्याच्या विरोधात नाई."

नोकरी गेली. केस उभी राहिली. एक नंबरला शेठ, दोन नंबरला मी. पुतण्याचं नाव अजून कागदावर आलेलं नाही. ते यावं म्हणून मी दर तारखेला बोलतो, लेखी देतो, पोच घेतो. निर्मलाबाईची साक्ष व्हायची आहे. ती माझ्याविरुद्धही बोलेल, बोललीच पाहिजे. बाबा आता गावात कोणाला काही सांगत नाही. शेठचा माणूस दोनदा घरी येऊन गेला, समजुतीनं घे म्हणाला. माझे वकील म्हणतात, अशा केसेस वर्षानुवर्षं चालतात.

चालू दे. शिक्षा झाली तर भोगीन. माझ्या वाट्याची, पुरी. शेठच्या वाट्याचा एक दिवसही मी भोगणार नाही.