प्रेमदासचा तळहात

प्रेमदासला मी कधी स्वस्थ बसलेलं पाहिलं नाही. सिंदी मेघेत त्याचं गाड्यांना साउंड बसवायचं दुकान आहे. चहा मागवतो आणि निम्मा ठेवून उठतो. बसवून झालेल्या गाडीत गाणं मोठ्यानं लावतो, बॉनेट उघडतो आणि बॅटरीपासून निघालेल्या वायरीवर तळहात ठेवून ती तापली का बघतो. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. गिऱ्हाईकं कंटाळतात. मी तर मास्तर, तोंडावर बोलून दाखवायचो.

मे महिन्यात आर्वीला माझ्या मेहुण्याचा, निशांतचा, साखरपुडा होता. गाडीत नवा ॲम्प्लिफायर आणि मोठा स्पीकर हवाच, असा माझा हट्ट. सासुरवाडीत ऐट मारायची होती, खोटं कशाला बोलू? प्रेमदास म्हणाला, हा ॲम्प्लिफायर बॅटरीतून फार करंट ओढतो, जाड तांब्याची वायर लागेल, ती उद्या येते. उद्याचं मला काय करायचं होतं? आहे ती लाव म्हणून अर्धा तास त्याचं डोकं खाल्लं. शेवटी त्यानं बारीक वायर टाकली आणि आवाज निम्म्यावरच ठेवा असं दोनदा बजावलं. तळहात ठेवायलाही मी त्याला वेळ दिला नाही.

खरांगण्याच्या पुढे मी आवाज पूर्ण वाढवला. कसला तरी वास येतोय, असं बायको, शरयू, म्हणाली. नव्या सामानाचा असतो, मी म्हणालो. आमची सहा वर्षांची शाल्मली मागच्या सीटवर झोपली होती.

आर्वीत हॉलसमोर गाडी थांबवली, पण गाणं चालूच ठेवलं; सासरची मंडळी ऐकायला हवी होती. एवढ्यात मोटरसायकलवरून प्रेमदास आला, धुळीनं माखलेला. नमस्कार नाही, चमत्कार नाही. बॉनेट उघडून त्यानं बॅटरीची वायरच काढली. गाणं बंद. चारचौघांत मी त्याच्यावर भडकलो.

"वायर बारीक टाकली सर, पन फ्यूज जाड वायरीचाच लावला मी," तो म्हणाला. "वायर जळली असती, तरी फ्यूज उडला नसता. पोरीले आधी बाहेर काढा."

शरयूनं शाल्मलीला उचललं. प्रेमदासनं मागची सीट वर केली. खालून गेलेल्या वायरीचं लाल आवरण वितळून गाडीच्या पत्र्याला चिकटलं होतं. मी खिशातला फोन काढला, तर प्रेमदासचे सोळा कॉल येऊन गेले होते. गाण्याच्या आवाजात एकही ऐकू आला नव्हता.

चूक माझीच, घाई मी केली, असं मी कसंबसं म्हणालो. प्रेमदास वायर ओढून काढत होता.

"घाई तुमची होती सर," तो वर न बघता म्हणाला, "पन हात त माये होते न."