देवाच्या वाट्याची ओंजळ

पुण्याहून निघताना नवऱ्याने तीनदा विचारलं, ग्लुकोज घेतलंस ना? तिसऱ्यांदा मी चिडले. मी गणिताची शिक्षिका. कमरेला इन्सुलिनचा पंप लावून चार वर्षं झाली. तासाला किती इन्सुलिन सुटायचं, ते आकडे मी एकदा बसवले आणि नंतर हलू दिले नाहीत. दिवस बदलला की गरजही बदलते, असं डॉक्टर सांगायचे. मी दिवसच बदलू देत नव्हते.

गोंदिया स्टेशनावर चहापासून चौकशीपर्यंत सगळं हिंदीत. तिथून दुसरी गाडी धरून सालेकशाला उतरले, तेव्हा डब्यातही जंगलाचा वास शिरला होता. मोहफुलांची वेचणी बघायला मिळावी म्हणून एका जुन्या विद्यार्थिनीने तिच्या ओळखीच्या सुकवारोबाईंकडे माझी सोय केली होती. साठीच्या, काटक, गोंड बाई. घरात त्या आणि सून, दोघीच. उद्या मोहफुलं वेचायचा पहिला दिवस, असं त्यांनी संध्याकाळी जेवताना सांगितलं. पहिल्या वेचणीतली ओंजळ देवाची. तिची पूजा होईपर्यंत घरातलं कुणी नवं फूल तोंडात घालत नाही.

पहाटे पेज (तांदळाची पातळ कांजी) प्यायलो. मी ती वाटीभर भात समजून तेवढं इन्सुलिन घेतलं. खरं तर वाटीत शितं थोडी आणि पाणीच फार होतं. तासाभराचं तर काम, म्हणून ग्लुकोजची पिशवी खुंटीवरच ठेवली.

मोहाच्या झाडाखालचा पाचोळा त्यांनी आधीच जाळून जमीन स्वच्छ केली होती. तिच्यावर पिवळसर, रसाळ फुलं टपटपत होती. उकिडवं बसायचं, वेचत पुढे सरकायचं. सुकवारोबाईंनी पहिली ओंजळ पळसाच्या पानावर काढून झाडाच्या बुंध्याशी ठेवली आणि कामाला लागल्या. माझी टोपली अर्धी झाली तेव्हा पंप वाजला. एवढी भरून मगच बघू म्हटलं. मग बोटं थरथरायला लागली.

"घाम काऊन येऊन राहिला तुले? ऊन त निघालंच नाही," सुकवारोबाई म्हणाल्या.

पंपावर रक्तातली साखर अठ्ठावन्न दिसत होती. मी कसाबसा पंप थांबवला आणि साखर लागेल एवढंच बोलले. सून पिशवी आणायला पळाली, पण घर लांब होतं. मला खरोखर भीती वाटली. सुकवारोबाई उठल्या आणि बुंध्याजवळचं पान उचलून माझ्यापुढे धरलं. देवाची ओंजळ. मी नकारार्थी मान हलवली.

"देव थांबते. तू थांबशीन का?"

मी खाल्लं. गोड, उग्र, किंचित मातकट चव. सून पिशवी घेऊन आली तोवर हात स्थिर झाले होते, तरी ग्लुकोजही घेतलं. सुकवारोबाई पंपाकडे बघत बसल्या होत्या.

"तू काम करून राहिली, हे या मशीनले समजत नाही का?"

मी सांगितलं तरच समजतं, असं म्हणाले.

"मंग सांगितलं काऊन नाही?"

 त्यांनी देवासाठी दुसरी ओंजळ वेचली, आणि मी पंपाचे आकडे खाली आणले. पुढचे तीन दिवस ते तसेच ठेवले, पेजेतली शितं बघून इन्सुलिन घेतलं, पिशवी पदराला बांधली. टोपली रोज भरली.

पुण्यात पहिल्याच संध्याकाळी साखर दोनशे चाळीसवर गेली. दिवसभर खुर्चीत बसून वह्या तपासत होते आणि पंप अजून जंगलातल्या हिशोबाने चालला होता. एरवी स्वतःवर चिडले असते. या वेळी जुने आकडे परत लावले आणि जंगलातले वेगळे जपून ठेवले. पंपाने त्यांना नाव मागितलं. मी इंग्रजी अक्षरांत 'सुकवारो' लिहिलं.

नवऱ्याने ते वाचलं आणि हे काय म्हणून विचारलं. फोनवर मी त्याला रोज सगळं ठीक आहे एवढंच कळवत होते. आता त्याला समोर बसवलं आणि पहिल्यापासून सांगितलं, पिशवी खुंटीवर राहिली होती तेसुद्धा.