कीबोर्डवरचा नारळ

एका दसऱ्याला आमचा कॉम्प्युटर नारळानं बंद पाडला. ते कळायला आमची अख्खी सकाळ गेली.

मी पुंडलिकनगरला घरूनच फ्लेक्स आणि पत्रिकांचं डिझाइन करते. त्यामुळे दसऱ्याच्या पूजेत विळी, पान्हे आणि पक्कड यांच्या शेजारी माझा बिनवायरचा कीबोर्डही मांडला जातो. अक्षता कळांच्या फटीत जातात, त्या वाहू नका, असं मी सासूबाईंना बजावलं होतं. त्यांनी ऐकलं. अक्षतांऐवजी नारळ ठेवला. संध्याकाळी सोनं वाटून येईपर्यंत पूजेतलं काही हलवायचं नाही, हा आमच्या घरचा नियम.

मला तरी त्या दिवशी कुठं काम होतं? पण शेजारच्या आपा धावत आल्या. संध्याकाळी औरंगपुऱ्यात त्यांचं शिवणाचं दुकान उघडायचं होतं आणि मी केलेल्या फ्लेक्सवर त्यांचा बंद झालेला फोन नंबर होता. छापणारा दुपारी शटर ओढून जाणार होता. नवा नंबर टाकून त्याआधी फाइल पाठवली, तरच दुकानावर धड पाटी लागणार होती.

मी माळ्यावरचा जुना वायरवाला कीबोर्ड काढून जोडला आणि कॉम्प्युटर सुरू केला. तो नेहमीसारखा उघडेचना. थेट आतल्या सेटिंगच्या निळ्या पडद्यावर जाऊन बसला. बंद करून पुन्हा लावला, पुन्हा तिथंच. वर त्या पडद्यावरची पट्टी आपोआप खाली पळत होती.

"भाभी, ये किसको ढूंढरा?" आपांनी विचारलं.

"तुमच्या गिऱ्हाइकांना."

मग आम्ही त्याचं झाकण उघडलं. मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं घासली, कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक दुरुस्तीवाला आधी तेच करतो. पंख्यावर मी जोरात फुंकर मारली आणि सगळी धूळ मोबाइलचा टॉर्च धरून उभ्या असलेल्या आपांच्या तोंडावर गेली.

"चलो, दुकान के वास्ते मेकप बी हो गया."

तिथून आमचं हसू सुटलं ते आवरेना. हसतहसतच मी कॉम्प्युटर पुन्हा लावला आणि जुना कीबोर्ड उपटून बाजूला ठेवला. पडद्यावरची पट्टी पळतच होती.

"जिन घुस्या क्या इसमें?"

भिंतीपलीकडून सासूबाईंनी घंटा वाजवली. भिंतीपलीकडे देवघर, देवघरात माझा बिनवायरचा कीबोर्ड, चालूच राहिलेला. मी तिकडे धावले, मागोमाग आपा. नारळ डिलीट आणि खालच्या बाणावर ऐसपैस बसला होता. सुरू होताना डिलीट दाबलं की आमचा कॉम्प्युटर त्या निळ्या पडद्यावरच जातो. मी तिथंच फरशीवर बसून हसत सुटले.

"आई, नारळ जरा उचलते."

"नाय. सोनं वाटल्याबिगर नाय."

"आपांच्या पाटीचं अडलंय."

सासूबाईंनी आपांच्या धुळीनं माखलेल्या तोंडाकडं पाहिलं. "बरं. नारळ मी धरते. कीबोर्ड काढा खालून. तो काय देव नाय."

त्यांनी नारळ दोन्ही हातांत जागच्या जागी तोलून धरला. आपांनी कीबोर्ड सरकवला, मी खाली पाट घातला.

"अम्मा, हिलू नक्को, ऑपरेशन चालू है."

"मी कुठं हलते? हसवू नको गं मला, लई जड हाय हे."

कॉम्प्युटर निमूट उघडला. नंबर बदलला, फाइल गेली, छापणाऱ्याचं 'मिळाली' आलं. नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "कॉम्प्युटरच्या मागं त्या कीबोर्डचा सिग्नल घेणारी छोटी पिन असते. ती काढली असती तरी भागलं असतं." ते खरं होतं, म्हणून मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी पाटी लागली. आम्ही तिघी रस्त्यावरून ती बघत होतो. सासूबाईंनी चष्मा लावला आणि पाटीवरचा एकेक आकडा वाचत फोन लावला. शेजारी उभ्या आपांचा फोन वाजला.

"दुकान उघडं हाय का?" सासूबाईंनी विचारलं.

"हौ अम्मा, आइए," आपा फोनमध्ये म्हणाल्या.

"ब्लाउज शिवायचाय. ढगळ नको."

दोघी एकमेकींसमोर उभ्या, फोन कानाला. गळा किती खोल हे ठरेपर्यंत दोघींपैकी कुणीच फोन खाली ठेवला नाही.